दिवाळीच्या सुट्टीआधीचे दहा दिवस: विशेष शाळेच्या वर्गासाठी

पहिलं सत्र संपत आलं की शाळेत धांदल सुरू होते. मूल्यमापनाचे कागद, पालकसभा, पणत्यांची विक्री, भेटीला येणारे पाहुणे, फराळ. एरवीच्या शाळेतल्या मुलांना ही धांदलच आवडते. विशेष शाळेत मात्र, आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत तर हमखास, हीच धांदल मुलांच्या अंगावर येते. प्रार्थना, मग दिनक्रमाच्या तक्त्यावरची चित्रं, मग टेबलावरचं काम, मग डबा, मग मैदान हा क्रम जूनपासून चार महिने खपून बसवलेला असतो आणि शेवटच्या आठवड्यात आपणच तो विस्कटतो. मग चावणं, किंचाळणं, बंद झालेलं चड्डीत करणं परत सुरू झालं, की ‘सुट्टीचं वारं लागलंय’ असं म्हणून विषय संपतो. मुलाला सुट्टीचं वारं लागलेलं नसतं. पुढे काय होणार हे त्याला कळेनासं झालेलं असतं.

म्हणून वेळापत्रक तेच ठेवा, त्यातलं काम दिवाळीचं करा. टेबलावरच्या कामाच्या वेळी रोज मणी ओवत असतील तर त्याच वेळी, त्याच जागी, त्याच मावशींबरोबर पणती रंगवायची. डब्याची वेळ पाच मिनिटंही हलवू नका. विक्रीच्या दिवशी क्रम बदलावाच लागतो, तेव्हा तो बदल आदल्या दिवशी तक्त्यावर लाल चौकटीत लावून दाखवा.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. शाळा सुटल्यावर शिक्षकांनी बसून मुलांच्या पणत्या ‘नीट’ करायच्या नाहीत. ठिपका वाकडा पडला तर तो वाकडाच विकला जाऊ द्या. प्रत्येक मुलाला या कामातली एक तरी पायरी खरीखुरी आपल्या हाताने करता आली पाहिजे, आणि ती पायरी शोधून काढणं हे शिक्षकाचं काम आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यातले चार-पाच एकाच वर्गात शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे एकच काम सगळ्यांना एकाच पद्धतीने देऊन चालत नाही.

खालची सगळी आखणी दहा मुलांचा वर्ग, एक शिक्षक, एक मदतनीस आणि कामाचे दहा दिवस धरून केलेली आहे.

पणत्या: आधी हिशेब

१३० पणत्या मागवा. चार-चारचे २४ संच विक्रीला म्हणजे ९६, प्रत्येक मुलाला घरी न्यायला एक म्हणजे १०, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसासाठी कोऱ्या १०, आणि बाकीच्या १४ फुटतील, तडकतील म्हणून. कुंभाराकडून घेताना दोन पणत्या एकमेकींवर हलकेच वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर पणती कच्ची आहे किंवा तिला तडा आहे, आणि अशी पणती घट्ट पकडणाऱ्या मुलाच्या हातात फुटते. आकार शक्यतो मोठा घ्या, तोंडाशी सात-आठ सेंटीमीटरचा. लहान पणती बोटात धरता येत नाही.

पहिल्या दिवशी कोरड्या पणत्यांच्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायच्या. हे काम वर्गात नको, व्हरांड्यात करा, कारण लाल धूळ उडते आणि दम्याच्या मुलांना ती बाधते. घासून झाल्यावर पणत्या मोठ्या टबात रात्रभर भिजत घाला. भिजलेली पणती पुढे तेल कमी पिते. टबात पणती सोडली की बुडबुडे वर येतात. वर्गातली सगळ्यांत अस्वस्थ मुलंसुद्धा ते बघत शांत उभी राहतात. दुसरं कुठलंच काम न जमणाऱ्या मुलासाठी ‘एक पणती उचल, पाण्यात सोड’ ही पायरी राखून ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पणत्या उन्हात. परतीचा पाऊस लांबला असेल तर आणखी एक दिवस धरा. इथेच सगळ्यांत जास्त चूक होते. वरून कोरडी दिसणारी पणती आतून ओली असते, तिच्यावर रंग चढवला की दोन दिवसांत त्याचे पोपडे सुटतात. ओळखायचं कसं? पणती गालाला लावायची. गार लागली तर अजून ओली, हवेइतकीच कोमट लागली तर वाळली. हे काम मुलांना द्या. दोन टोपल्या ठेवा, एकीवर निळं कार्ड, दुसरीवर पिवळं. गार पणती निळ्या टोपलीत, कोमट पिवळ्यात. एरवी गार-गरम शिकवायला आपण पाण्याचे पेले घेऊन बसतो. इथे तोच धडा मुलांच्या खऱ्या कामात मिळतो.

रंगकाम, पायरी-पायरीने

रंग ॲक्रिलिकचाच घ्या. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण ओला हात लागला की तो उतरतो. पोस्टर कलरच शिल्लक असेल तर चार चमचे रंगात एक चमचा फेविकॉल घाला.

१. पणती उपडी करून प्लास्टिकच्या पेल्यावर ठेवा. उपडी ठेवली की आतला भाग आपोआप झाकला जातो. आतून आणि वातीच्या चोचीला रंग द्यायचा नाही, तो जळतो आणि घाण वास येतो. ‘आत रंगवू नको’ ही सूचना बऱ्याच मुलांना पेलत नाही. पणती उपडी असली की ती सूचना द्यावीच लागत नाही.

२. पेला केकच्या फिरत्या टेबलावर ठेवा आणि तळाला दुहेरी टेप लावून पक्का करा. एकच हात चालणाऱ्या मुलाला आता पणती धरावी लागत नाही. एका हाताने ब्रश टेकवून ठेवायचा, टेबल मदतनीसाने किंवा शेजारच्या मुलाने फिरवायचं.

३. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, तीन भाग रंगाला एक भाग पाणी. त्याहून पातळ केला तर ओघळतो आणि मुलाच्या मनगटावरून कोपरापर्यंत जातो. ज्यांना ओला, चिकट स्पर्श सहन होत नाही ती मुलं मग दिवसभर रंगाच्या टेबलाकडे फिरकत नाहीत.

४. तासाभराने रंगाचा एक हात, दुसऱ्या दिवशी दुसरा. पांढऱ्या हाताशिवाय लाल मातीवर पिवळा किंवा आकाशी रंग उठत नाही, मुलाला आपण काही केलंय असं दिसतच नाही आणि त्याचा उत्साह मावळतो.

५. रंग पूर्ण वाळल्यावर ठिपके.

ब्रशची दांडी जाड करा. जुन्या सायकलची रबरी मूठ, नाहीतर एसीच्या पाइपावरचा काळा फोम चार इंच कापून दांडीवर चढवला की झालं. दृष्टी कमी असलेल्या मुलासमोर टेबलावर काळा कागद पसरा आणि त्याला पांढरा किंवा पिवळा रंग द्या.

ठिपक्यांसाठी कानकोरण्याच्या कापसाच्या काड्या चांगल्या. रंग बशीत ओतून ठेवू नका. बशीत भांडी घासायचा स्पंज ठेवा, रंग त्याच्यात मुरवा आणि शिक्क्याच्या पॅडसारखा वापरा, म्हणजे काडीला नेमका तेवढाच रंग लागतो. ठिपक्यांच्या जागा आधी पेन्सिलीने आठ खुणा करून ठरवा. अंध मुलासाठी त्या आठ जागी आदल्या दिवशी फेविकॉलचा एकेक थेंब वाळवून ठेवा. वाळला की त्याचा टणक उंचवटा होतो, डाव्या हाताचं बोट तो शोधतं आणि उजव्या हाताची काडी बोटाच्या मागोमाग तिथे टेकते.

सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही ती अवस्था) मूठ घट्ट मिटलेली असेल तर बोटं एकेक करून ओढून उघडू नका. ओढलं की मूठ जास्तच आवळते, आणि मुलाला दुखतंही. त्याचं मनगट हलकेच खाली, तळहाताच्या बाजूला वाकवा. बोटांचे स्नायू सैल पडतात आणि मूठ आपसूक उघडते. मग अंगठ्याच्या बुडाशी आधार देऊन जाड दांडी हातात ठेवा आणि मनगट हळूहळू सरळ करा, बोटं दांडीभोवती मिटतात. आता कोपर टेबलावर टेकलंय ना, पाय पायफळीवर आहेत ना, हे बघा. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. असं मूल एका बैठकीत एकच पणती रंगवेल. ती एक पुरे.

मदत किती द्यायची, याचा क्रम उतरता ठेवा: हातावर हात, मग फक्त कोपराला आधार, मग बोटाने खूण, मग नुसता शब्द, मग काहीच नाही. अंध मुलाच्या बाबतीत आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, वरून पकडू नका. वरून पकडलं की त्याला स्वतःच्या बोटांनी काही चाचपता येत नाही. आणि कुठल्याही मुलाला सूचना दिल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपण घाईने तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो, तेव्हा त्याच्यासाठी ती नवीन सूचना असते आणि त्याला पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

आकाशकंदील

पणत्या वाळत असतात ते दोन दिवस कंदिलाचे. बांबूच्या कामट्यांचा षट्कोनी कंदील देखणा खरा, पण त्यात मुलांच्या हाताला काम कमी आणि कामट्यांची कुसळं फार. त्याऐवजी नळकांड्याच्या आकाराचा करा. बहुतेक सगळं काम टेबलावर सपाट पसरून करता येतं, हा त्याचा मोठा गुण.

५६ × ७१ सेंटीमीटरचा जाड कार्डशीट उभा अर्धा कापला की २८ × ७१चे दोन तुकडे होतात, म्हणजे एका शीटमध्ये दोन कंदील. प्रत्येक तुकड्यावर ८ सेंटीमीटर रुंद आणि १८ उंच अशा पाच खिडक्या कटरने कापा. कटरचं काम मुलं वर्गात यायच्या आधी उरका. मागून बटर पेपर चिकटवा. आता तुकडा टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवा, चारी कोपरे टेपने पक्के करा आणि मुलांना पतंगी कागद फाडायला द्या.

कागद फाडणं हे दिसायला सोपं, पण त्यात दोन्ही हात एकमेकांविरुद्ध चालवावे लागतात. ज्याला जमत नाही त्याच्या कागदाला आधीच दोन सेंटीमीटरची चीर देऊन ठेवा. ज्याचा एकच हात चालतो त्याचा कागद टेबलाच्या कडेला जड पुस्तकाखाली दाबून ठेवा. फाडलेले तुकडे खिडकीच्या बटर पेपरवर चिकटवायचे. तुकडे एकमेकांवर चढले तरी हरकत नाही, आत दिवा लागला की तिथे रंग गडद दिसतो आणि छानच वाटतं.

चिकटवायला खळ करा: दोन मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आंचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे. विशेष शाळेत मोरचूद अजिबात नको. मोरचूद विषारी असतो आणि आपल्या वर्गात बोटं तोंडात घालणारी मुलं असतातच. ताजी खळ करा, उरलेली फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांनी टाकून द्या. खळ पातळ आणि थोडी लावा. जास्त झाली की बटर पेपर आंबट चेहऱ्यासारखा सुरकुततो आणि पतंगी कागदाचा रंग फुटून बोटांना लागतो. चिकटवून झालं की वर कोरा कागद ठेवून रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबा.

दुसऱ्या दिवशी तुकडा गोल वळवून दोन सेंटीमीटरचा जोड द्या आणि स्टेपल करा. स्टेपलची टोकं बाहेरच्या बाजूने टेपने झाका. साधारण २२ सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं होतं. वरच्या कडेला २३-२३ सेंटीमीटरवर तीन भोकं पाडून दोरी ओवा. खाली ६० सेंटीमीटर लांब, ३ रुंद अशा बारा झिरमिळ्या. ‘बारा मोज’ असं सांगण्याऐवजी एका पुठ्ठ्यावर बारा पट्ट्यांची बाह्यरेषा काढून द्या. प्रत्येक रेषेवर एक पट्टी ठेवायची, रिकामी रेषा उरली नाही की बारा झाल्या. आकडे न येणारं मूलही हे काम बिनचूक करतं.

आत दिवा एलईडीचाच. जुना पिवळा बल्ब तापतो आणि आतला कागद करपतो. कंदील पहिल्यांदा लावायचं बटण अशा मुलाला दाबायला द्या ज्याला आधीच्या पायऱ्यांपैकी फारशी एकही जमली नाही. शेवटची पायरी आधी शिकवायची ही पद्धत विशेष शिक्षकांना ठाऊक असतेच. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्या मुलाच्या वाट्याला येतो.

किल्ला करायचा असेल तर जमिनीवर नको, टेबलाच्या उंचीच्या ट्रेमध्ये करा, म्हणजे व्हीलचेअर खाली सरकते. माती भुसभुशीत आणि ओलसर हवी. चौथ्या दिवशी अळीव पेरले की शेवटच्या दिवसापर्यंत किल्ल्यावर हिरवळ दिसते.

चिवडा

आठव्या दिवशी. विकायला नाही, घरी न्यायला. अर्धा किलो पातळ पोहे, १५० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप, दहा-बारा मिरच्या, दोन मुठी कढीपत्ता, १२५ मिलिलिटर तेल, मोहरी, हिंग, एक चमचा हळद, चवीला मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. एवढ्यात ८० ग्रॅमच्या दहा पिशव्या होतात.

गॅसजवळचं सगळं काम मोठ्यांनी, दुसऱ्या खोलीत. मुलांकडे गार कामं: पोहे चाळणं, कढीपत्ता खुडणं, डाळं मोजणं, शेवटी कालवणं आणि भरणं. मिरच्या मुलांच्या हातात देऊ नका, तोच हात डोळ्याला लागतो. पोहे आदल्या दिवशी ऊन दाखवून मंद आंचेवर भाजा. आंच मोठी झाली तर ते आक्रसतात. फोडणीतच हळद आणि मीठ घाला, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. साखर मात्र चिवडा कोमट झाल्यावर. पिशव्या पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, आत वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत पोहे मऊ पडतात.

वजनाला डिजिटल काटा असेल तर त्याच्या पडद्याखाली ‘८०’ लिहिलेलं कार्ड चिकटवा. पडद्यावरचे आकडे कार्डासारखे दिसले की थांबायचं. आकड्यांची ओळखही नसेल तर पारदर्शक पेल्याला ८० ग्रॅमच्या पातळीवर लाल टेप लावा.

चिवडा खायला देण्याआधी वर्गाची यादी समोर ठेवा. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी चिवडा धोक्याचा. कोरडे कण आणि शेंगदाण्याचे तुकडे श्वासनलिकेत जातात. त्यांना त्यांच्या वाचा-उपचारतज्ज्ञाने ठरवून दिलेल्या घट्टपणाचा मऊ शिरा द्या, मूल ताठ बसलेलं असताना, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. फिट्ससाठी कीटोजेनिक आहारावर (भरपूर स्निग्ध, साखर-पीठ अगदी कमी) असलेल्या मुलाला ‘एक लाडू तर आहे’ म्हणून देऊ नका. त्या आहारात एका लाडवाची साखरही जड जाते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर शेंगदाणे वर्गातच आणायचे नाहीत. आणि जे मूल चिवडा खाणार नाही, त्यालाही घरी न्यायला पिशवी मिळाली पाहिजे. त्याने ती भरलेली असते.

विक्रीचा दिवस

चार पणत्यांचा संच चार खणांच्या खोक्यात. प्रत्येक खणात एक पणती, रिकामा खण राहिला तर खोकं बंद करायचं नाही, इतका सोपा नियम. किंमत एका नोटेची ठेवा, ५० किंवा १००. सुट्ट्या पैशांचा प्रश्न आला की व्यवहार मुलाच्या हातातून शिक्षकाच्या हातात जातो. मुलासमोर त्या नोटेचा रंगीत फोटो चिकटवा: अशी नोट आली की खोकं द्यायचं. मोबाइलने पैसे देणाऱ्यांसाठी शेजारी क्यूआर कोड लागतोच, पण पैसे जमा झाल्यावर शिक्षकाने मुलाच्या हातात नोटेचं कार्ड द्यावं, म्हणजे त्याच्यासाठी व्यवहाराचा क्रम तोच राहतो.

न बोलणाऱ्या मुलासाठी आवाज साठवून ठेवणारं बटण असतं. ‘या, चार पणत्या पन्नास रुपये!’ असं त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मुलाच्या आवाजात भरून ठेवा. बटण नसेल तर जुन्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पडद्यावर एकच मोठं चिन्ह ठेवा. दर वीस मिनिटांनी टेबलावरची मुलं बदला आणि जवळच एक शांत खोली मोकळी ठेवा: पडदे ओढलेले, सतरंजी, एक जड गोधडी.

पाहुण्यांना निमंत्रणातच कळवा की ही विक्री आहे, मुलांना वाटप करायचं नाही. रांगेत उभं करून बिस्किटाचा पुडा हातात देताना फोटो काढणं हे या मुलांच्या वाट्याला फार येतं. ज्याने चार दिवस राबून पणती रंगवली, तो त्या दिवशी विक्रेता आहे. त्याच्यासमोर ‘बिचारा’ हा शब्द कुणी उच्चारला तर तिथल्या तिथे, सभ्यपणे, पण स्पष्ट थांबवा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. पणत्यांचे आणि हातांचे फोटो पुरेसे बोलके असतात.

फटाके आणि सुट्टी: ही तयारी पहिल्या दिवसापासून

फटाक्यांच्या आवाजाची सवय शेवटच्या दिवशी लावता येत नाही. पहिल्या दिवसापासून रोज दोन मिनिटं, मुलाचं आवडतं काम चालू असताना, फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी जेमतेम ऐकू येईल इतका लावा. बंद करायचं बटण मुलाच्या हातात. त्याने कानावर हात ठेवले तर आवाज कमी करा, ‘बघ, काही होत नाही’ म्हणून वाढवू नका. कारखान्यात घालतात तसले कान झाकणारे इअर मफ रोज पाच मिनिटं घालायची सवयही याच दहा दिवसांत लावा. ऐन लक्ष्मीपूजनाला पहिल्यांदा कानावर चढवले तर मूल ते भिरकावून देतं.

सुट्टीची चित्रपट्टी प्रत्येकाची वेगळी करा. सुट्टीच्या दिवसांइतके चौकोन, रोज रात्री एकावर फुली, शेवटच्या चौकोनात शाळेच्या फाटकाचा फोटो. मामाकडे जाणार असतील तर त्या तारखांना मामाचा फोटो. रोजचे फोटो पालकांकडून आठवडाभर आधी मागवून घ्या, नाहीतर पट्टी अर्धवट राहते. स्वमग्न मुलासाठी ‘शाळा संपली’ हे शब्द टाळा. ‘शाळा बंद आहे, अमुक वारी उघडणार’ असं म्हणा. संपली म्हणजे त्याच्या लेखी कायमची संपली.

पालकसभेत हातात द्यायच्या कागदावर या गोष्टी मोठ्या अक्षरात हव्यात. फिट्सच्या गोळ्या सुट्टीचे दिवस अधिक पाच दिवस इतक्या आधीच आणून ठेवाव्यात, सणाच्या दिवशी औषधाची दुकानं बंद मिळतात. गावाला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे नको, झोपमोड झाली की फिट येण्याचा धोका वाढतो. या मुलांना उजाडल्यावर आंघोळ घातली तर काही बिघडत नाही, हे आजीलाही प्रेमाने समजावून सांगावं. लखलखणाऱ्या माळा बघून ज्यांना फिट येते त्यांच्या घरी स्थिर प्रकाशाच्या माळा लावाव्यात. श्रवणयंत्र तेल-उटण्याआधी काढून कोरड्या डबीत ठेवावं आणि फटाके वाजत असताना ते लावायचं की काढायचं हे ऑडिओलॉजिस्टला विचारून घ्यावं.

नवे कपडे दोनदा धुऊन, मानेजवळची लेबलाची पट्टी कापून घालावेत. जरीकाम आणि कडक कापड कित्येक मुलांना सोसत नाही. पायात संवेदना नसलेल्या, उदाहरणार्थ स्पायना बायफिडाच्या (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) मुलाला पणत्यांच्या रांगेजवळ खाली बसवू नये. पाय भाजला तरी त्याला कळत नाही. दाराशी पणत्या असतील तर त्या उंचावर ठेवाव्यात, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) घालून चालणाऱ्याचा पाय ओढत जातो. आणि गर्दीत जाताना प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर असावा, बोलता येणाऱ्या मुलाच्याही. घाबरलं की बोलणारंही मूल गप्प होतं.

सुट्टीचा अभ्यास म्हणून एकच गोष्ट द्या. सत्रात ज्या पायरीवर मूल नुसत्या शब्दाच्या मदतीपर्यंत आलंय, तीच घरी रोज करायची: शर्टाचं खालचं बटण लावणं, ताट उचलून ठेवणं, एवढंच. मूल्यमापनाच्या तक्त्यात, मग तो बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या ‘एफएसीपी’ या कौशल्यांच्या तपाससूचीचा असो की शाळेने केलेला, पणतीच्या कामातली नोंदही घाला: कुठली पायरी, कोणत्या मदतीने, किती पणत्या. ‘दिवाळीच्या उपक्रमात सहभाग घेतला’ या वाक्यातून पुढच्या सत्राच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘कापसाच्या काडीने आठपैकी पाच ठिपके, खुणेच्या मदतीने’ यातून नेमकं कळतं, उद्या कुठून सुरुवात करायची.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. नेहमीची प्रार्थना, नेहमीचं टेबल, नेहमीचा डबा. दुपारी प्रत्येक मूल आपल्या तक्त्यावरची चित्रं एकेक करून काढेल आणि स्वतःच्या नावाच्या पाकिटात ठेवेल. पाकीट शाळेतच, त्याच्याच कप्प्यात राहील, कप्पा त्याने स्वतः बंद करायचा. घरी जाताना हातात त्याची पणती, चिवड्याची पिशवी आणि चित्रपट्टी.

बाजूला ठेवलेल्या दहा कोऱ्या पणत्यांना पांढरा हात देऊन त्या त्याच कप्प्यांत ठेवा, शेजारी ज्याचा त्याचा जाड दांडीचा ब्रश. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मूल कप्पा उघडेल, पाकिटातली चित्रं तक्त्यावर लावेल, आणि टेबलावरच्या कामाची वेळ झाली की तीच पणती रंगवायला घेईल.